कान धरून उचललेला ससा

जादूच्या प्रयोगात टोपीतून ससा निघतो तो कानांना धरूनच. बाजारात पिंजऱ्यातून काढून दाखवणारे पुष्कळ विक्रेतेही कानांनाच हात घालतात. त्यामुळे ससा असाच उचलायचा असतो, हा समज पक्का झाला आहे. तो सगळ्यांत आधी मोडायला हवा. सशाचा कान म्हणजे पातळ कूर्चा, नाजूक कातडी आणि रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो बरीचशी या कानांतूनच बाहेर टाकतो. दीड-दोन किलोच्या जनावराचा सगळा भार तिथे पडला की त्याला असह्य दुखतं आणि सुटण्यासाठी तो मागचे पाय झाडू लागतो.

मोठा धोका त्या पाय झाडण्यात आहे. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम 7 ते 8 टक्के असतो, मांजराचा 12-13 टक्के. हाडं अशी हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र दणकट. अधांतरी लोंबकळताना त्याने जोरात लाथ झाडली, तर त्या जोरानेच त्याचे कमरेचे मणके मोडू शकतात. मग मागचे पाय लुळे पडतात, लघवीवरचा ताबा जातो आणि पुष्कळदा त्यावर इलाज उरत नाही. हातातून निसटून पडला तरी हेच होऊ शकतं. म्हणून ससा उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली आणि त्याचं अंग आपल्या पोटाशी घट्ट टेकलेलं, असं धरावं. खाली ठेवतानाही त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत हात सोडू नयेत, कारण जमीन दिसली की तो उडी घेतो. लहान मुलांनी उचलूच नये. त्यांना सतरंजीवर बसवावं आणि ससा आपणहून जवळ आला की कपाळावर हात फिरवू द्यावा. बहुतेक सशांना उचलून घेतलेलं आवडत नाही. जमिनीवर बसून केलेले लाड त्यांना पुरतात.

‘उताणा केला की आमचा ससा लगेच झोपतो, त्याला मजा वाटते,’ असं लोक कौतुकाने सांगतात. तसे व्हिडिओही फिरत असतात. ती झोप नसते. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडला आणि सुटका दिसेनाशी झाली की तो ताठरून निश्चल पडतो. या अवस्थेत त्याच्या हृदयाचे ठोके, श्वासाचा वेग आणि रक्तातली ताणाची संप्रेरकं वाढतात, हे संशोधकांनी मोजून पाहिलं आहे. बाहेरून शांत दिसणारा तो जीव आतून भेदरलेला असतो. नखं कापायला सोपं जातं म्हणून तर असं मुळीच करू नये.

नखांसाठी सशाला टेबलावर घसरणार नाही अशा चटईवर बसवावं, टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळावं आणि एकेक पाय बाहेर काढावा. नखं एकूण 18 असतात, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचं आखूड नख हमखास राहून जातं. चार ते सहा आठवड्यांनी एकदा नखं पाहावीत. नखातली गुलाबी शीर टाळून कापावं. नखं काळी असतील तर मागून टॉर्च धरावा. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावं. एका बैठकीत सगळी नखं झालीच पाहिजेत असं नाही. तळपायांवरची लव मात्र कापू नये. सशाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, ती लवच त्याचं पायताण.

दर रविवारी शॅम्पू लावून आंघोळ घालणारी घरं मला माहीत आहेत. हेतू प्रेमाचाच असतो, पण निरोगी सशाला आंघोळ लागत नाही. तो दिवसभर स्वतःला चाटून साफ ठेवतो. दाट लव भिजली की वाळायला फार वेळ लागतो, अंग गार पडतं आणि पाण्यात बुडवल्याच्या भीतीनेच काही ससे दगावतात. पार्श्वभाग मळला असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. असं वारंवार होत असेल तर खुराक, वजन किंवा दात तपासून घ्यावेत. पावसाळ्यात हे रोज पाहावं. मळलेल्या, ओल्या लवेत माश्या अंडी घालतात, एका दिवसात अळ्या निघतात आणि त्या जिवंत कातडीच खाऊ लागतात. पिसवा दिसल्या म्हणून कुत्र्याचं औषध लावणं तितकंच घातक. त्यांतल्या अनेक औषधांमध्ये असणारं फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

केस गळतीच्या दिवसांत रोज मऊ ब्रश फिरवावा. गुंता झालाच तर कात्री लावू नये. सशाची कातडी इतकी पातळ असते की केसांबरोबर तीही कापली जाते. गिळलेल्या केसांवर अननसाचा रस देण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो, पण त्याने केस विरघळत नाहीत. सशाला उलटी करता येत नाही हे खरं. तरी केस अडकतात ते बहुधा आतड्यांची हालचाल मंदावल्यामुळे, आणि ती मंदावते खुराकात चोथा कमी पडल्यामुळे. वाळलेलं गवत दिवसभर समोर हवं. जन्मभर वाढत राहणारे दातही त्यानेच झिजतात. गाजर गोड असतं, ते खाऊ म्हणून एखादा तुकडा.

ससा दहा-बारा तास काही खात नसेल किंवा लेंड्या बंद झाल्या असतील, तर सकाळची वाट पाहू नका. पुष्कळ दवाखान्यांत मुख्यतः कुत्री-मांजरंच येतात. म्हणून सशांवर उपचार करणारा डॉक्टर आधीच शोधून त्याचा नंबर जवळ ठेवा. आणि घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळीला हात लावू नका. ती पोटात गेली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यापायी ससाही दगावू शकतो.