पत्त्यांचा सातबारा

इंटरनेटला जोडलेले यंत्र ज्या अंकांवरून ओळखले जाते त्यांना आयपी पत्ता म्हणतात आणि त्यांची आजही सर्वत्र वापरात असलेली चौथी आवृत्ती 32 बिटांची असल्याने असे पत्ते सुमारे 429 कोटींपलीकडे जाऊ शकत नाहीत. जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट 3 फेब्रुवारी 2011 रोजी पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटून संपले. त्याच वर्षी दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे 6,66,624 पत्ते मायक्रोसॉफ्टने 75 लाख डॉलरला विकत घेतले आणि फुकट मिळणाऱ्या अंकांना भाव आला.

या व्यवहारात नेमके काय विकले जाते, हाच वादाचा गाभा आहे. सातबाऱ्यावरचे नाव हा महसुली नोंदीचा पुरावा असतो, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. नोंदणी संस्थाही जवळपास हेच सांगतात की पत्ता ही मालमत्ता नसून नोंदवहीतील नोंद आहे आणि खरेदी म्हणजे त्या नोंदीचा फेरफार. उत्तर अमेरिकेच्या ‘एरिन’ या संस्थेने 2009 मध्ये असा फेरफार मान्य केला, मात्र घेणाऱ्याने आपली गरज सिद्ध केली पाहिजे अशी अट ठेवली. युरोपच्या ‘राइप’ने 2014 मध्ये ही अट काढून टाकली, कारण गरज तपासण्याच्या आग्रहाने व्यवहार नोंदवहीबाहेर ढकलले जातील आणि मग पत्ता कोणाकडे आहे हेच कळेनासे होईल, अशी तिथल्या अनेकांची भूमिका होती. साठेबाजीची भीती खरी असली तरी ही भूमिका अधिक पटणारी आहे, आणि तिचे बळ अमेरिकेतल्याच एका खटल्यात दिसते.

दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथील मिकफो या कंपनीने काही वर्षांत एरिनकडून सात लाखांहून अधिक पत्ते मिळवले. कंपनीचा प्रमुख अमीर गोलेस्तान याने त्यासाठी अनेक कंपन्या उभ्या केल्या, त्यांना अस्तित्वात नसलेले अधिकारी दिले आणि त्या अधिकाऱ्यांच्या नावाने नोटरीकृत प्रतिज्ञापत्रे सादर केली. या प्रकरणातले सर्वांत बोलके दस्तऐवज हेच आहेत, कारण संस्था गरजेचा लेखी पुरावा मागत होती आणि तिला तसाच लेखी पुरावा मिळत गेला. कागद नियमात बसत होता, त्यामागे माणूस मात्र नव्हता. पत्त्यामागे 13 ते 19 डॉलर दराने या साठ्याची किंमत सुमारे 98 लाख ते 1 कोटी 43 लाख डॉलर होत होती. संशय आल्यावर एरिनने पत्ते परत घेण्याची तयारी केली, तेव्हा ते रोखण्यासाठी न्यायालयाचे दार मिकफोनेच ठोठावले. प्रकरण लवादाकडे गेले आणि 2019 मध्ये तिथे मिकफो हरली, शिवाय एरिनच्या कायदेशीर खर्चापोटी 3,50,000 डॉलर देण्याचा आदेश तिच्यावर निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात फसवणुकीचे वीस आरोप दाखल झाले; नोव्हेंबर 2021 मध्ये खटला उभा राहताच गोलेस्तानने गुन्हा कबूल केला आणि 2023 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

याच काळात एरिनच्या पद्धतीची दुसरी दुखरी बाजू, म्हणजे पत्त्यांसाठीची तिची प्रतीक्षायादी, उघडी पडली. परत आलेले पत्ते या यादीतल्यांना फुकट मिळत आणि बारा महिन्यांनी ते बाजारात विकता येत, त्यामुळे खोटे कागद न करताही वर्षभर वाट पाहणाऱ्याला नफा होता. 2019 च्या आरंभी एरिनने हे वाटप थांबवले आणि पुढे ते नव्या अटींवर सुरू केले: एका वेळी जास्तीत जास्त 1,024 पत्ते, तेही आधीपासून 4,096 हून अधिक पत्ते जवळ नसलेल्यालाच, आणि मिळाल्यापासून साठ महिने विक्रीला बंदी.