लकव्याचं औषध आणि घड्याळाचे काटे

एटापल्ली या तालुक्याच्या गावाहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून दूर आहे. लकवा मारलेल्या माणसाच्या मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी औषधाने विरघळवायची, तर पहिल्या साडेचार तासांत.

गुठळ्या विरघळवण्याची सोय मुळात आपल्याच शरीरात आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून टी-पीए नावाचं एन्झाइम पाझरतं. ते प्लास्मिन जागं करतं आणि प्लास्मिन गुठळीचं जाळं कापून काढतं. पण हे एन्झाइम फार टिकत नाही. पीएआय-१ नावाचं प्रथिन त्याला जखडतं, उरलेलं यकृत उचलून नेतं. चार-पाच मिनिटांत ते निम्मं होतं. शरीराच्या दृष्टीने हे बरंच, कारण ते रेंगाळलं तर साधी जखमही वाहत राहील. औषध म्हणून मात्र ही मोठी अडचण. अल्टेप्लेज हे त्याचं प्रयोगशाळेत बनवलेलं रूप १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालं. लकव्यात ते तासभर पंप लावून शिरेत सोडावं लागतं.

मग शास्त्रज्ञांनी त्याच्या ५२७ अमिनो आम्लांपैकी फक्त सहा बदलली. चार बदलांमुळे पीएआय-१ची पकड सुटली, बाकी दोन बदलांमुळे यकृताला ते लवकर उचलता येईना. हे टेनेक्टेप्लेज. ते निम्मं व्हायला वीस मिनिटांहून अधिक लागतात, त्यामुळे एकच इंजेक्शन पुरतं. पुण्याची जेनोव्हा कंपनी ते बनवते. कुपीतल्या पावडरीत पाणी घालून ती हलक्या हाताने फिरवायची, खळखळून हलवायची नाही. शिरेत ग्लुकोज चालू असेल तर आधी नळी सलाइनने धुवायची, नाहीतर औषध साकळतं. लहान रुग्णालयातल्या सिस्टरलाही जमेल असं हे काम आहे.

जमत नाही ते त्याच्या आधीचं. लकवा गुठळीमुळे नसून मेंदूतल्या रक्तस्रावामुळे असेल, तर हेच औषध जीव घेईल. म्हणून सीटी स्कॅन आधी.

डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दर सातपैकी एक मृत्यू लकव्याने झाला होता, आणि त्यातले ८७ टक्के घरीच. एन्झाइमचं आयुष्य वाढलं; स्कॅनचं यंत्र तालुक्यापर्यंत आणणं हे आता सरकारचं काम आहे.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना सांगा.