जटायूचे ऋण आणि गोठ्यातील औषध

इगतपुरी तालुक्यात टाकेद या नावाचे जे गाव आहे, त्यास लोक ‘सर्वतीर्थ’ म्हणतात. सीतामाईस हरण करून नेणाऱ्या रावणाशी झुंज देता देता पंख तुटलेला जटायू याच ठिकाणी पडला, प्रभू रामचंद्रांनी त्यास मांडीवर घेतले आणि त्याच्या मुखी घालावयास सर्व तीर्थांचे जल येथे आणविले, अशी कथा आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते, आणि कुंडाचे पाणी मस्तकी लावून यात्रेकरू समाधानाने घरी परततात. परंतु ज्या पक्ष्याच्या नावाने हे तीर्थ झाले, तो गिधाड पक्षी परतीच्या वाटेवर किती जणांच्या दृष्टीस पडत असेल? पन्नाशी उलटलेल्या वाचकांनी आपले बालपण आठवून पाहावे. मेलेले जनावर गावाबाहेर नेऊन टाकले की थोड्याच वेळात आकाशात काळे ठिपके फिरू लागत, पाहता पाहता ते खाली उतरत, आणि सायंकाळी तेथे उजळ हाडांचा सांगाडा तेवढा उरे. आता तसे होत नाही. ते का होत नाही, त्यात आपणा शेतकऱ्यांचा हात किती, आणि झालेली चूक सुधारणे आपल्या स्वाधीन आहे काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

गिधाडास आपण कुरूप व अशुभ समजत आलो. घरावर गिधाड बसणे वाईट, असे वडील माणसे सांगत. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले असता, शेतकऱ्याचा इतका निर्वेतन सेवक दुसरा नाही. एका मोठ्या जनावराचे मांस गिधाडांचा एक थवा तासाभरात, कित्येकदा त्याहूनही लवकर, संपवितो. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की, फाशीसारख्या रोगाचे जंतूही त्यात सहसा टिकाव धरीत नाहीत. म्हणजे जे मांस कुजून ओढ्या-विहिरीच्या पाण्यात उतरावयाचे, ज्यावर माश्या व कुत्री पोसावयाची, ते या पक्ष्याच्या पोटात जाऊन तेथेच निर्विष होई. मागे राहिलेली स्वच्छ हाडे गोळा करणारे लोक असत, व ती हाडे दळून झालेले खत पुन्हा शेतासच येई. गाय, बैल, गिधाड आणि जमीन यांचे हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि त्यासाठी कोणी कधी पैसाही खर्च केला नाही. जे फुकट मिळते त्याची किंमत ते गेल्यावरच कळते, हा सृष्टीचा नियम येथेही खरा ठरला.

१९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात गिधाडांची घरटी ओस पडू लागल्याचे प्रथम ध्यानात आले. झाडांच्या फांद्यांवर माना टाकून बसलेले पक्षी एकाएकी खाली कोसळत व मरत. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने व इतर संशोधकांनी देशभर गणना केल्या. १९९२ ते २००७ या अवघ्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एक या प्रमाणातही उरली नाहीत, आणि लांब चोचीच्या गिधाडांपैकी शंभरांत सुमारे सत्त्याण्णव नाहीशी झाली, असे त्यांवरून दिसून आले. कोणत्याही पक्ष्याचा इतक्या वेगाने ऱ्हास झाल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत. मुंबईच्या डुंगरवाडीवर पारशी बांधवांच्या अंत्यविधीसही गिधाडे उरली नाहीत.

प्रारंभी हा काही साथीचा रोग असावा, असा तर्क होता. कारण सापडले ते २००४ साली, पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची शरीरे तपासताना. त्यांच्या यकृतावर, हृदयावर व इतर इंद्रियांवर चुन्यासारखा पांढरा थर साचलेला आढळला. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे रक्तातील क्षार बाहेर न पडता तेथे साठले होते. आणि मूत्रपिंडे निकामी करणारे द्रव्य होते डायक्लोफिनॅक! सूज, ताप व वेदना यांवर माणसास देतात तेच हे औषध. स्वस्त व लवकर गुण देणारे म्हणून ते १९९० नंतर गुरांसाठीही सर्रास वापरात आले. बैलास खांदेसूज आली, तिव्याचा ताप भरला, गाय लंगडू लागली, की त्याची सुई टोचावयाची, हा परिपाठ पडला. जनावर बरे झाले तर औषध दोन-तीन दिवसांत शरीराबाहेर निघून जाई व कोणाचेच नुकसान होत नसे. परंतु सुई टोचल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत ते दगावले, की त्याच्या मांसात, विशेषतः यकृतात व मूत्रपिंडात, औषधाचा अंश राही. गिधाडाच्या एक किलो वजनामागे मिलिग्रॅमचा एक-दोन दशांश इतका अंशही त्यास प्राणघातक ठरतो. ते मांस खाल्लेला पक्षी दोन-चार दिवसांत मरे.

येथे एक शंका कोणाही विचारी शेतकऱ्याच्या मनात येईल. ‘गावात मरणाऱ्या जनावरांपैकी अशी औषध टोचलेली ती किती? एखाद-दुसऱ्या बैलाने सारा पक्षिवंश कसा बुडेल?’ याचे उत्तर गिधाडाच्या राहणीत आहे. ते एकटे जेवीत नाही. एका जनावरावर पन्नास-पन्नास, शंभर-शंभर पक्षी उतरतात, व ते मांस विषारी असले तर तेवढे सारे एकाच पंगतीत विष खातात. शिवाय गिधाडाची वाढ फार सावकाश होते. जोडपे वर्षास एकच अंडे घालते, आणि पिल्लू वयात येऊन स्वतः वीण करू लागण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. ज्या झाडास पाच वर्षांनी एक फळ यावयाचे, त्याची फांदी दरवर्षी तोडली तर झाड कसे जगेल? संशोधकांनी गणित मांडून दाखविले की, उघड्यावर पडणाऱ्या शंभर जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावर औषधाने दूषित असले, तरी एवढा सारा संहार घडून येण्यास ते पुरेसे होते. म्हणून ‘माझ्या एका बैलाने काय होणार?’ हा प्रश्न येथे लागूच पडत नाही. त्या एका बैलानेच सर्व काही झाले.

गिधाडे गेली, तेव्हा त्यांचे अन्न कोण खाऊ लागले? मोकाट कुत्री. त्यांची जठरे गिधाडासारखी नाहीत. ती रोग संपवीत नाहीत, पसरवितात. आणि कुत्र्यांबरोबर पिसाळण्याचे भयही वाढते. मांसाचा पुरवठा आयता मिळू लागल्याने कुत्र्यांची संख्या बळावली, आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या गावाशी आला तर नवल नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात कुत्र्याचाच वाटा सर्वांत मोठा आढळला. निफाड-सिन्नरकडील उसाच्या फडांत बिबट्याची धास्ती घेऊन रात्रीचे पाणी भरणाऱ्या शेतकऱ्यास याचा अर्थ अधिक सांगावयास नको. मनुष्यहानीचा हिशेब तर याहून भयंकर आहे. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे पुष्कळ होती व ज्यांत ती थोडी होती, अशा जिल्ह्यांतील मृत्युसंख्या ताडून पाहून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली असे अनुमान प्रसिद्ध केले की, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी देशात दरवर्षी सुमारे एक लाख अधिक माणसे मृत्यू पावली. अस्वच्छ पाणी व कुत्र्यांची वाढ ही त्याची संभाव्य कारणे त्यांनी दिली आहेत. ज्यास आपण अशुभ म्हणत होतो तो आपल्या मुलाबाळांचे रक्षण करीत होता, असा याचा अर्थ होय.

कायदा या बाबतीत स्वस्थ बसलेला नाही. २००६ साली गुरांसाठी डायक्लोफिनॅक तयार करण्यास सरकारने मनाई केली. तरीही माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या आणून गुरांस टोचण्याचा प्रकार चालू राहिला, म्हणून २०१५ साली त्या मोठ्या बाटल्या बंद करून माणसांसाठीही एका वेळेपुरत्या ३ मिलिलिटरच्या लहान कुप्याच ठेवण्यात आल्या. किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक ही औषधेही गिधाडास घातक, किंबहुना अॅसिक्लोफिनॅकचे तर जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच बनते, असे दिसून आल्यावर २०२३ साली त्यांवर व २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर गुरांपुरती बंदी आली. परंतु कायदा औषधाच्या दुकानापर्यंत जातो. गोठ्यापर्यंत जाणारा आपण स्वतःच असतो. आणि येथे त्याग करावयाचा म्हणावा तर तोही नाही. मेलॉक्सिकॅम व टोल्फेनॅमिक अॅसिड ही औषधे सूज-वेदनांवर गुणकारी असून गिधाडास निर्धोक आहेत, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. त्यांच्या उपयोगाने बैलाची सेवा घडते आणि पक्ष्याची हत्याही टळते.

आपल्या जिल्ह्याच्या वाट्यास या कामी थोडे भाग्य अजून उरले आहे. त्र्यंबक मार्गावरील अंजनेरीच्या उंच कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती टिकून आहे. हा पक्षी झाडावर घरटे न करता कड्याच्या कपारीत करतो, हिवाळ्यात एकच अंडे घालतो, आणि नर-मादी दोघेही पिल्लाचे संगोपन करतात. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून पूज्य असलेल्या या डोंगरावर जटायूच्या कुळाने आसरा घेतला, हा योग मनास भावल्यावाचून राहत नाही. २०१७ साली शासनाने अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. हरसूलकडील खोरीपाडा येथे वनखात्याने गावकऱ्यांच्या साहाय्याने गिधाडांसाठी उपाहारस्थान चालविले. नैसर्गिक कारणाने मेलेली जनावरे तेथे आणून ठेवली जातात, म्हणजे पक्ष्यांस निर्विष अन्न मिळावे. डोंगराळ भागातील आमच्या आदिवासी बांधवांनी हा पक्षी आपला मानला, यात घाटाखालच्या बागायतदारांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. हरियाणातील पिंजोर येथे जोपासलेली वीस गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व ताडोबा येथे आणली गेली. पण पिंजऱ्यातून सोडलेला पक्षी एका दिवसात कित्येक कोस उडतो. तो कोणाच्या शिवारात उतरेल व तेथे काय खाईल, हे वनखात्याच्या हाती नाही. नेपाळात गावोगावच्या लोकांनी घातक औषध हद्दपार केले, तेव्हाच तेथील गिधाडांची संख्या पुन्हा वाढू लागली, हा दाखला डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे.

तेव्हा प्रत्येक शेतकऱ्यास सहज करता येतील अशा काही गोष्टी येथे नमूद करतो.

(१) जनावरास सुई देण्यापूर्वी औषधाचे नाव विचारावे व बाटलीवरील अक्षरे स्वतः वाचावीत. वाचता न येणाऱ्या शेजाऱ्यास वाचून दाखवावीत. सुई देणाऱ्यास विचारण्यात त्याचा अपमान होत नाही. बैल आपला आहे.

(२) डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन व निमेसुलाइड ही गुरांसाठी घेऊ नयेत. त्यांच्या जागी मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक अॅसिड द्यावे, असे पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांस सांगावे. मात्रा त्यांनीच ठरवावी. माणसाच्या औषधाच्या कुप्या गोठ्यात आणूच नयेत.

(३) औषधोपचार चालू असता जनावर दगावले आणि कोणते औषध दिले हे नक्की ठाऊक नसेल, तर ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.

(४) फाशी किंवा पिसाळल्याने मेलेले जनावर फाडू नये, कातडे काढू नये. चुना घालून सहा फूट खोल पुरावे. कुत्र्यांस वा बिबट्यास मारण्यासाठी मांसात विष घालणे हा तर गुन्हा असून त्याने गिधाडेही मरतात.

(५) कड्यावर घरटी असतील तेथे हिवाळ्याच्या दिवसांत आरडाओरड, फटाके व दगडफेक करू नये. आजारी गिधाड आढळल्यास वनखात्यास कळवावे.

घोटीच्या बाजारात डांगी बैल पारखताना आपण त्याचा खांदा, खूर व कातडीचा तेलकट तजेला किती बारकाईने पाहतो! पावसात उभे राहून काम करणारा तो प्राणी आपल्या घरचाच होऊन राहतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून, तूप-हळद लावून, वर्षभराचे ऋण आपण मान्य करतो. त्या बैलाच्या शेवटच्या दिवसांत आपण त्यास कोणती सुई देतो, हाही त्या ऋणाचाच भाग आहे. कारण बैलाचा देह पडल्यावर त्यास मातीत मिळविण्याचे काम ज्याच्याकडे परंपरेने आले, त्याच्या पुढ्यात आपण विष वाढले की अन्न वाढले, हे त्या सुईवर ठरते. रामचंद्रांनी जटायूस तीर्थ पाजले, तेव्हा तो मरणोन्मुख होता. आपणांस त्यास जगविण्याची संधी अजून आहे, आणि त्यासाठी बाटलीवरील एक नाव वाचण्याएवढेच कष्ट पुरेसे आहेत.