नफा घटला म्हणजे काय घटले?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आधाराने सुटे भाग करणारी लहानमोठी वर्कशॉपे उभी राहिली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरची चूल ह्याच वसाहतीवर पेटते. त्यामुळे 'बजाजचा नफा घटला' असा मथळा आला की घरोघर काळजी सुरू होते. मी कलाशाखेचा विद्यार्थी. जमाखर्च हा वाणिज्यवाल्यांचा प्रांत. तरीपण तिमाही निकालाचा कागद मी आवर्जून वाचतो. कवितेचा अर्थ लावण्यापेक्षा ते काम निश्चितच सोपे आहे!

शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांचा हिशेब जाहीर करावा लागतो. कागदावर ही तिमाही, मागची तिमाही आणि गेल्या वर्षीची हीच तिमाही असे रकाने शेजारी शेजारी असतात. दृष्टी आधी गेल्या वर्षीच्या रकान्याकडे वळवावी, कारण खरिपाची तुलना खरिपाशीच करावयाची असते. अर्थात पंचांग तेथेही घोटाळा करते. पितृपंधरवड्यात आपल्याकडे नवी गाडी घेण्याचे टाळतात. 2023 साली तो बहुतांशी ऑक्टोबरात आला, तर 2024 साली सप्टेंबरात. म्हणजे तिमाहीच बदलली.

आता मथळ्याकडे येऊ. जुलै-सप्टेंबर 2024 चा बजाजचा नफा एका बातमीत 9 टक्क्यांनी वाढला होता, दुसरीत 31 टक्क्यांनी घटला होता. दोन्ही बातम्या खऱ्या! कंपनीचा स्वतःचा, म्हणजे 'स्टँडअलोन' नफा 1,836 कोटींवरून 2,005 कोटींवर गेला. 'कन्सॉलिडेटेड' म्हणजे एकत्रित हिशेबात मात्र भागीदारीतल्या कंपन्यांचे नफेतोटेही धरतात. तेथे आकडा 2,020 कोटींवरून 1,385 कोटींवर उतरला, तो मुख्यतः ऑस्ट्रियातील केटीएमच्या तोट्यामुळे. एकत्र कुटुंबात एका भावाने कर्ज केले तर घराची पत घसरते, दुसऱ्याच्या शेतातले पीक काही कमी होत नाही. त्या तिमाहीत गाड्यांची विक्री 16 टक्क्यांनी वाढली होती.

ह्याच्या उलट प्रकार एप्रिल-जून 2020 चा. टाळेबंदीत विक्री 12,47,174 गाड्यांवरून 4,43,103 वर आली, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर. स्टँडअलोन नफा मात्र 1,126 कोटींवरून 528 कोटी; निम्म्याच्या आसपास टिकला. कसा? 'इतर उत्पन्न' ह्या ओळीत तीनशे कोटींहून अधिक रक्कम होती. हे गुंतवणुकीचे उत्पन्न. त्यासाठी कारखान्याचा भोंगा वाजावा लागत नाही. भागधारकाला तेवढा आधार झाला. पण ज्याच्या वर्कशॉपात बजाजचे भाग होतात, त्याला 'इतर उत्पन्न' कोठून असणार? त्याच्या दृष्टीने खरा आकडा 64 टक्के घटीचा.

निकालाच्या त्या कागदावर वाळूजचा वेगळा रकाना नसतो. आकुर्डी, चाकण, पंतनगर सारे एकाच बेरजेत. कायम कामगारांचे पगार 'कर्मचाऱ्यांवरील खर्च' ह्या ओळीत दिसतात, परंतु कंत्राटी मजुराच्या मजुरीची स्वतंत्र ओळ मला कधी आढळली नाही. पुरवठादाराचे बिल तर कच्च्या मालाच्या खर्चात विरघळून जाते. म्हणून मी नफ्याच्या अगोदर विकलेल्या गाड्यांची संख्या पाहतो. ती कंपनी दर महिन्याच्या आरंभीच जाहीर करते, तिमाही निकालासाठी थांबावे लागत नाही.