गांवांचें एकीकरण आणि शेतकऱ्याचा आवाज

शहराची हद्द शिवाराला येऊन भिडली म्हणजे लहान ग्रामपंचायती मोडून एक मोठी संस्था करावी कीं नाहीं, हा प्रश्न चावडीवर निघतोच. कोणी म्हणतो, पाणी व रस्ते मिळतील. कोणी म्हणतो, घरपट्टी वाढेल आणि आपणांस विचारणारें कोणी उरणार नाहीं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तें कसें, हें नवी मुंबईच्या उदाहरणावरून पाहूं.

त्या भूमीवर प्रथम आलें तें महामंडळ. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. महामंडळाचे संचालक सरकारनें नेमलेले. त्यांच्या निवडींत शेतकऱ्याचें मत नाहीं. मोबदल्याचा प्रश्न चिघळला आणि जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांतील आंदोलनावर गोळीबार होऊन पांच जण मृत्यु पावले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यांतूनच पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के प्रमाणांत विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. जें सभेंत बसून मागतां यावयास हवें होतें, त्यासाठीं प्राण द्यावे लागले.

महानगरपालिका त्यानंतरची. १७ डिसेंबर १९९१ रोजीं तिची स्थापना झाली व १ जानेवारी १९९२ पासून कारभार सुरू झाला. ग्रामपंचायतींचें क्षेत्र तींत विलीन झालें. यांतील लाभ उघड आहे. खालापूर तालुक्यांतील मोरबे धरण आज या महानगरपालिकेच्या मालकीचें आहे. एकट्यादुकट्या ग्रामपंचायतीस विहीर खोदतां येते. धरण घेतां येत नाहीं. सांडपाणी, कचरा, रुग्णालय या गोष्टींसही मोठी तिजोरीच लागते.

परंतु ग्रामपंचायत गेली म्हणजे ग्रामसभाही जाते. ग्रामसभेंत प्रत्येक मतदार उठून हिशेब विचारूं शकतो; महानगरपालिकेंत तो नगरसेवकामार्फतच बोलतो. आणि नगरसेवकच नसले तर? नवी मुंबईंत मे २०२० मध्यें मुदत संपल्यावर पांच वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाहीं. कारभार प्रशासकाच्या हातीं होता.

शिळफांट्यापलीकडील दहिसर, पिंपरी आदि १४ गांवांची कथा याहून बोधप्रद आहे. हीं गांवें आरंभीं महानगरपालिकेंत होतीं. कर वाढला, सोयी मात्र आल्या नाहींत, अशी रहिवाशांची तक्रार होती. त्यांच्या मागणीवरून २००७ सालीं तीं वगळलीं गेलीं. पुढें सोयींसाठीं पुन्हा समावेशाची मागणी झाली व २०२४ सालीं तसा निर्णय निघाला. सामील होणें वा बाहेर पडणें हा रोगावरील उतारा नव्हे. कर आणि सोय यांचा मेळ आधींच ठरविला पाहिजे, हाच यांतील धडा.

प्रादेशिक प्राधिकरण ही आणखी निराळी वस्तु. १९७५ सालीं स्थापन झालेलें मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अनेक नगरपालिका व गांवें यांच्यावर पसरलेल्या प्रदेशाची आंखणी करतें. तें त्यांची जागा घेत नाहीं. नदी, रेल्वे व मोठे रस्ते गांवच्या वेशीशीं थांबत नाहींत, म्हणून अशी संस्था हवीच. मात्र ७४ व्या घटनादुरुस्तीनें सांगितलेल्या महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सभासद नगरपालिकांच्या निवडलेल्या सदस्यांतून व पंचायतींच्या अध्यक्षांतून निवडावयाचे आहेत. म्हणजे प्रदेशाच्या आंखणींत खेड्याचा हक्क घटनेनेंच मानलेला आहे; तो मागून घेणें आपलें काम आहे.

म्हणून ज्यांच्या गांवीं असा प्रस्ताव येईल, त्यांनीं तीन गोष्टी कराव्या. हद्दवाढीच्या अधिसूचनेवर हरकती मागविल्या जातात. त्या मुदतींत, ग्रामसभेच्या ठरावासह, लेखी द्याव्या. गांवठाण, गुरचरण, तळीं, विहिरी, वहिवाटीचे रस्ते व स्मशानभूमि यांची नोंद उताऱ्यांसह पंचायत असतांनाच पुरी करावी. कारण विलीनीकरणानंतर तिचें दप्तर दुसऱ्याच्या हातीं जातें. आणि कर किती वर्षांत किती वाढणार व पाणी केव्हां येणार, हें लिहून मागावें.

बांध फोडून दोन शेतें एक करतांना शहाणा शेतकरी पाण्याचा पाट आधीं पाहतो. गांवें एक करतांनाही तेंच करावें.