तान्हुल्याचे खेळ – ९ : पाय हलला की चिमणी हलते

या आठवड्यात परातीतल्या पाण्याचा खेळ घ्यायचा होता. परात घासून, पंचा काढून तयार बसलेल्यांनी आणखी आठवडाभर धीर धरावा. डोंबिवली पूर्वेहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. शिवाय तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

ताईंचं बाळ अडीच महिन्यांचं. मामाने हौसेने पाळण्याला लावायचं बॅटरीवरचं खेळणं आणलं. कळ दाबली की गाणं लागतं आणि चार अस्वलं आपोआप गोल फिरतात. आजीने ते दोन दिवस पाहिलं, मग माळ्यावरून जुनं कापडी चिमणाळं काढलं, झटकून, धुऊन पाळण्याला बांधलं आणि बाळाच्या पायात घुंगरांचे वाळे घातले. ताई विचारतात, ‘बाळ अस्वलांकडेही टक लावून बघतं आणि चिमण्यांकडेही. मग दोन्हींत फरक काय? आणि आजीचं मन राखायचं म्हणून हे जुनं ठेवायचं का?’

ताई, चिमणाळं जरूर ठेवा, पण ते मन राखण्यासाठी नको. त्यामागे चांगलं भक्कम कारण आहे.

अडीच महिन्यांचं बाळ छताच्या पंख्याकडेही टक लावून बघतं. आपल्याकडच्या वन रूम किचनमध्ये पंखा हेच बहुतेक बाळांचं पहिलं खेळणं असतं. पण बाळाने काहीही केलं तरी पंखा आपल्या चालीने फिरतो आणि वीज गेली की थांबतो. अस्वलांचंही तसंच. वाळ्यांचं मात्र निराळं आहे. बाळाला चटईवर उताणं ठेवा आणि बाजूला बसून नुसतं बघा. उजवा पाय उडतो, छुम वाजतं. बाळ थबकतं. हात हवेत तसेच राहतात, डोळे मोठे होतात. थोड्या वेळाने पाय पुन्हा उडतो, पुन्हा छुम. पहिले काही दिवस हा योगायोग असतो. मग एके दिवशी बाळ पाय झाडतं, थांबतं, जणू कानोसा घेतं आणि पुन्हा झाडतं. आपण केलं म्हणून झालं, हे त्याला उमगायला लागलेलं असतं.

हे माझं नुसतं कौतुक नाही, त्याची रीतसर पारख झालेली आहे. अमेरिकेत जॉन वॉटसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग ताईंच्या प्रश्नाला अगदी नेमका लागू पडतो. बाळं होती आठ आठवड्यांची. काही बाळांच्या डोक्याखाली अशी उशी ठेवली की डोकं जरा हलून दाब बदलला की वर टांगलेलं खेळणं क्षणभर फिरायचं. दुसऱ्या गटाचं खेळणं आपोआप फिरायचं, बाळाच्या हालचालीशी त्याचा संबंध नव्हता. तिसऱ्या गटाचं खेळणं स्थिर होतं. प्रत्येकाच्या घरी, रोज १० मिनिटं, १४ दिवस. ज्यांचं खेळणं त्यांच्या स्वतःच्या हालचालीने फिरत होतं, ती बाळं डोकं जास्त हलवू लागली. तीन-चार दिवसांत त्यांच्या आया सांगू लागल्या की बाळ खेळण्याकडे बघून हसतं, हुंकार देतं. एरवी माणसाचा चेहरा बघून जे हसू येतं, तेच हे. आपोआप फिरणाऱ्या खेळण्याखालच्या बाळांमध्ये असा आनंद दिसला नाही.

याच कामात पुढे जे आढळलं ते मला जास्त विचार करायला लावतं. काही आठवड्यांनी आपोआपवाल्या गटाला बाळाच्या हालचालीने फिरणारं खेळणं दिलं, तरी ती बाळं ते फिरवायला शिकली नाहीत. आपल्या हालचालीचा इथे काही उपयोग नाही, हा धडा जणू त्यांनी आधीच घेतला होता. यातून लगेच घाबरून जाऊ नका. तो त्या खेळण्यापुरता, तेवढ्या दिवसांचा परिणाम होता आणि घरात बाळाच्या रडण्याला-हसण्याला दिवसभर कोणी ना कोणी ओ देतच असतं. पण खेळणं निवडताना कोणता प्रश्न विचारायचा, ते यातून मिळतं : हलवणारं कोण, बाळ की बॅटरी?

दुसरी गोष्ट मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कॉलियर यांची. संशोधनाचा अभ्यास चालू असताना त्यांचं पहिलं बाळ तान्हं होतं. त्याला रिझवून आपल्याला काम करता यावं म्हणून त्यांनी टांगत्या खेळण्याला फीत बांधली आणि फितीचं दुसरं टोक बाळाच्या पायाला. बाळाने पाय झाडला की खेळणं नाचायचं, जितक्या जोरात झाडावा तितकं जास्त. बाळ रमलं आणि आईच्या लक्षात आलं की हे रमणं म्हणजे शिकणं आहे. १९६९ मध्ये त्यावरचा निबंध आला आणि पुढे त्यांनी आयुष्यभर हाच विषय धरला. त्यांच्या प्रयोगांतून दिसलं की दोन महिन्यांच्या बाळाला हा खेळ एक-दोन दिवस आठवतो, तीन महिन्यांच्या बाळाला जवळजवळ आठवडाभर आणि सहा महिन्यांच्या बाळाला दोन आठवड्यांच्या आसपास. तान्ह्या बाळाला काही लक्षात राहत नाही, असं तोवर जाणकारही म्हणत असत.

आणखी एक बारकावा. शिकल्यानंतर दुसऱ्या दिवशी टांगलेलं खेळणं बदललं तर लहान बाळं नुसती बघत राहत, पाय झाडत नसत. ओळखीचं खेळणं दिसलं की मात्र पाय लगेच सुरू. म्हणून माझी विनंती : रोज नवं काहीतरी टांगू नका. एकच चिमणाळं निदान आठवडाभर राहू द्या. आपल्याला कंटाळा येतो, बाळाला नाही. त्याच्यासाठी ती ओळख पटण्याची मजा असते.

आता आजीच्या चिमणाळ्याकडे. ते टांगतात डोळ्यांवर, उंच, आणि बाळ फक्त बघतं. त्यात एक बदल करा. बाळ जागं, पोट भरलेलं, खुशीत असताना त्याला जमिनीवर चटईवर घ्या. दोन खुर्च्यांच्या मध्ये काठी आडवी ठेवा आणि चिमणाळं असं लोंबू द्या की पाय उचलला की चिमणीला लागेल. पहिल्या दिवशी एखादी लाथ चुकून बसेल, बसू द्या. बाळाचा पाय धरून आपण लाथा मारून दाखवू नका, शोध त्याला लावू दे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिमण्यांशेजारी चुरगळला की आवाज करणाऱ्या कागदाची कापडात घट्ट शिवलेली पुरचुंडी लावा. पायाला आवाज आणि स्पर्श दोन्ही मिळतात. साडेतीन-चार महिन्यांचं झालं की तेच चिमणाळं छातीवर सरकवा. तोवर हात पुढे येऊ लागलेले असतात. अंतर मागच्या वेळी सांगितलेलंच : बाळापासून वीतभर.

वाळ्यांचा खेळ याहून सोपा. एका वेळी एकाच पायात वाळा घाला. दोन्ही पायांत असले की कोणत्या पायाने आवाज केला, याचा उलगडा बाळाला अवघड जातो. तीन-चार दिवसांनी पाय बदला. पहिल्यांदा बाळ जुनाच पाय झाडत राहील, मग गोंधळेल, मग दुसरा पाय कामाला लावेल. तो गोंधळाचा क्षण चुकवू नका, त्यात बाळाचं डोकं चालताना दिसतं. चांदीचे वाळे नसतील तर मोज्याला पक्का शिवलेला, आवाज करणारा कापडी पुडा चालतो. हातातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या नजर लागू नये म्हणून घालतात, पण स्वतःचे हात डोळ्यांपुढे धरून बघण्याच्या वयात काळ्याभोर मण्यांमुळे ते हात बाळाला ठळक दिसतात.

आणि सगळ्यात चांगलं खेळणं कोणतं म्हणाल, तर तुम्ही स्वतः. बाळ ‘अग्गू’ म्हणालं की तुम्हीही ‘अग्गू’ म्हणा आणि थांबा. हे थांबणंच महत्त्वाचं. मोठी माणसं एका हुंकाराला दहा वाक्यं बोलतात आणि बाळाची पाळी येतच नाही. मनात पाच म्हणेपर्यंत गप्प राहा, चेहरा समोर ठेवा. बहुतेक वेळा पुढचा हुंकार येतोच. ठाण्याची लोकल पकडून संध्याकाळी उशिरा घरी येणाऱ्या बाबांनी दिवसातून दहा मिनिटं एवढंच केलं तरी पुष्कळ झालं. बाळाने मान फिरवली, जांभई दिली, बोटं ताठ फाकवली की खेळ संपला असं समजावं. त्याचं ‘पुरे’ ऐकणं हाही त्याच्या करण्याला दिलेला प्रतिसाद आहे.

सुरक्षिततेबद्दल मात्र कडक राहा. वाळ्याच्या कडा, आकडा आणि घुंगरं रोज बोटाने चाचपून पाहा. घुंगरू किंवा मणी सैल झाला असेल तर तो दागिना लगेच बाजूला ठेवा. झोपताना, मालिश करताना वाळे आणि मनगट्या काढा. फितीचा प्रयोग संशोधकांचा, तो आपण घरी करायचा नाही : बाळाच्या अंगाला दोरी कधीही बांधू नये. चिमणाळ्याच्या दोऱ्या आखूड ठेवा आणि बाळ त्याखाली असताना कोणीतरी शेजारी हवंच. बाळ उठून बसायला किंवा हातागुडघ्यांवर यायला लागलं की पाळण्यावरून ते उतरवा. मामाचं खेळणं टाकून देऊ नका, पण त्यात बटणासारखे चपटे सेल असतील तर झाकण स्क्रूने बंद आहे ना ते पाहा. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, म्हणून शंका आली तरी थेट इस्पितळ गाठायचं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघून घ्या.

कल्याणच्या एका आजोबांनी विचारलं आहे की असे खेळ घरच्या वस्तूंतून करण्याची कल्पना परदेशी आहे का. आजोबा, त्याचं मोठं काम आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात झालं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीबाईंच्या महागड्या साधनांऐवजी त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं असं आसपास मिळणारं साहित्य मुलांच्या हाती दिलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव तिथून देशभर गेलं. त्यांच्याकडे येणारी मुलं आपल्या बाळांपेक्षा मोठी, अडीच वर्षांच्या पुढची. पण मुलाच्या हाताला काम मिळालं पाहिजे हा त्यांचा आग्रह पाळण्यापर्यंत खाली आणता येतो. कोसबाडवर एक संपूर्ण भाग लिहायचा आहे, पावसाळ्याआधी नक्की.

तोवर या आठवड्याचं काम : एका पायात वाळा, रोज दहा मिनिटं, बाळ खुशीत असताना. कोणत्या दिवशी बाळ थांबून कानोसा घेऊ लागलं आणि तेव्हा त्याचं वय किती होतं, ते मला लिहून कळवा. अस्वलांचा आणि चिमण्यांचा दोघांचाही अनुभव असेल तर दोन्ही लिहा. पुढच्या आठवड्यात पाणी, परात आणि स्टीलची वाटी. तेव्हा आणखी कोणाचं पत्र आलं तरी मी परात बाजूला सारणार नाही.