पडद्याआडचे सेवक

हालत्या रंगचित्रांचें एक मिनिट पाहावयास एक मिनिटच लागतें. परंतु तें सिद्ध करावयास किती काळ लागतो, हा हिशेब फारसा कोणी करीत नाहीं. सेकंदास २४ याप्रमाणें मिनिटास १,४४० चित्रें होतात. कल्पिलेल्या वस्तूंवर प्रकाश कोठून पडतो, सावली कोठें जाते, हें गणितानें ठरवून संगणकानें प्रत्येक चित्र पक्कें करावयाचें, या क्रियेस रेंडरिंग म्हणतात. एका चित्रास दहा मिनिटें धरलीं तर एका यंत्राचे पुरे दहा दिवस लागतील. बारा यंत्रांत काम वांटलें तर तें वीस तासांत उरकेल. १९९५ सालीं अमेरिकेंत पिक्सार कंपनीनें ‘टॉय स्टोरी’ सिद्ध केला, तेव्हां ११७ यंत्रें अहोरात्र राबत होतीं.

अशा यंत्रांपुढें माणूस बसलेला नसतो. पडद्याआड एक सर्व्हिस जागी असते. ती मुख्य यंत्राकडून काम मागते, चित्र करून सामाईक भांडारांत ठेवते, आणि आपण जिवंत असल्याचा निरोप ठराविक अंतरानें धाडते. अशा सेवकांस ‘डीमन’ हें नांव १९६३ च्या सुमारास एम.आय.टी.तील मंडळींनीं दिलें. वाचकांनीं दचकूं नये. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दैवी शक्ति असा आहे, आणि आपल्या ऋग्वेदांतहि ‘असुर’ हें विशेषण प्रथम गौरवाचेंच होतें.

आमच्या पुतण्याची पुण्यास अशीच बारा यंत्रांची लहानशी चित्रशाळा आहे. एका गुरुवारीं दुपारीं बारांस काम सुरू झालें. शुक्रवारीं दुपारीं एकच्या आंत तें ग्राहकाच्या हातीं पडणें भाग होतें. तेथील तीन मुलांचा पगार त्या पैशांवर अवलंबून होता. रात्रीं आठांस वीज क्षणभर गेली व आली. दिवे लागलेले पाहून सर्व मंडळी निजलीं.

पहाटे सहास पाहतों तों साडेचारशें चित्रें बाकी! यंत्रें बाराहि सुरू. पण पांचांतील सेवक निपचित. मुख्य यंत्राच्या पाटीवर त्यांच्या नांवांपुढें ‘संपर्क नाहीं’ ही नोंद रात्रीपासून होती. ती वाचावयास कोणी जागें नव्हतें.

“काका, सगळीं यंत्रें एकदम बंद करून सुरू करतों,” पुतण्या म्हणाला. आम्हीं त्यास थांबविलें. सात यंत्रें धड चाललीं होतीं. त्यांचीं अर्धवट चित्रें वायां कां घालवावीं? दहा मिनिटांच्या चित्रांत हानि थोडी, हें खरें; पण ‘टॉय स्टोरी’च्या कांहीं चित्रांस तीस तास लागत, तेथें ही घाई कोणास परवडली असती?

त्यानें लॉग वाचला तेव्हां उलगडा झाला. सात यंत्रें बॅटरीच्या आधारावर होतीं. उरलेलीं पांच विजेबरोबर जागीं झालीं, पण भांडाराचें यंत्र जागें होण्यास चार मिनिटें लागलीं. तोंवर सेवकांनीं भांडार शोधलें, तें न मिळतां ते पडले, पुन्हां उठले. लिनक्सवरील ‘सिस्टिमडी’ ही व्यवस्था पडलेल्यास उठविते खरी, परंतु दहा सेकंदांत पांच वेळां पडल्यावर, निराळें सांगितलें नसल्यास, ती नाद सोडते. भांडार आतां जागेंच होतें. म्हणून त्या पांचांनाच उठविलें.

आणखी एक खोंच होती. वीज गेली तेव्हां लिहिल्या जात असलेल्या फाइली अर्धवट राहिल्या, आणि फाइल आहे म्हणजे चित्र झालें असें मुख्य यंत्र समजलें! आम्ही यादी घेऊन उत्तरपत्रिका तपासाव्या तसे आकार तपासीत बसलों. शेजारच्यांहून फारच लहान अशा पांच फाइली सांपडल्या. त्या पुसून तीं चित्रें नव्यानें लाविलीं. पाऊण वाजण्याच्या सुमारास काम पुरें झालें. सातच यंत्रांवर पावणेपांच वाजले असते.

आतां सेवक भांडाराची वाट पाहून मगच उठतात, दोन प्रयत्नांत अर्ध्या मिनिटाचें अंतर ठेवतात, आणि एखादा दहा मिनिटें गप्प राहिला कीं पुतण्याचा फोन वाजतो. परवां तो रात्रीं तीनला वाजला. वहिनींनीं तो तक्त्यांच्या कपाटांत ठेवावयास सांगितलें आहे. त्या बाबतींत अद्याप निकाल लागलेला नाहीं.